‘सगळे निवडा’: स्मार्ट मीटर दुरून हाताळणाऱ्या एका प्रणालीसोबत अडीच वर्षं

डेमोच्या दिवशी विक्रेत्याच्या माणसाने चक्क स्टॉपवॉच लावलं. स्क्रीनवर पाचशे मीटरची यादी, वर ‘सगळे निवडा’ची चौकट, शेजारी लाल रंगात ‘डिस्कनेक्ट’. समोरच्या फळीवर वीस खरे मीटर बसवले होते, बाकीचे सॉफ्टवेअरमधले लुटुपुटीचे. त्याने क्लिक केलं आणि आठ सेकंदांत फळीवरचे वीसच्या वीस रिले टक्‌ टक्‌ करत उघडले, वरचे बल्ब विझले. खोलीत टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी लोड डिस्पॅचमधले (विजेची मागणी आणि निर्मिती यांचा मेळ ठेवणारं केंद्र), निवृत्तीला आलेले आमचे एक ज्येष्ठ सहकारी बसले होते. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे झुकून म्हणाले, "अगं, हे मध्येच थांबवायचं बटण कुठंय ते विचार ना."

मी विचारलं. तसं बटण नव्हतं.

तरी आम्ही तीच प्रणाली घेतली, कारण बाकीच्या दोन विक्रेत्यांकडेही ते नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, करारात तसं कलम आहे. पण या वर्गातल्या प्रणाली एकमेकींच्या चुलतबहिणी असतात, त्यामुळे कुणाच्याही डेमोला बसणार असाल तर पुढचं उपयोगी पडेल. मी पंधरा वर्षं कंट्रोल रूममध्ये आहे. त्यातली शेवटची अडीच याच स्क्रीनसमोर गेली.

प्रणाली म्हणजे काय, ते पटकन. स्मार्ट मीटरच्या पोटात एक लॅचिंग रिले असतो. एकदा उघडला की उघडा, एकदा मिटला की मिटलेला, त्या अवस्थेत राहायला त्याला वीज लागत नाही. काही मीटरमध्ये दुसरा, वेगळा रिलेही असतो. तो फक्त गीझर किंवा गाडीच्या चार्जरसारखा एखादा मोठा भार सांभाळतो. या रिलेंना मध्यवर्ती सर्व्हरवरून हुकूम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला हेड-एंड म्हणतात. हुकूम मोबाइल नेटवर्कवरून जातो, नाहीतर मीटर-मीटरमधल्या रेडिओ जाळ्यातून उड्या मारत जातो. मीटर वाचणं, बिलं, आलेख वगैरे कामं आमची प्रणाली बरी करते. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. प्रश्न फक्त रिलेचा आहे.

एक घर बंद केलं तर ग्रिडला कळतही नाही. वीस लाख घरं एकदम बंद केली, प्रत्येकी दीड किलोवॉट धरा, तर ३००० मेगावॉट होतात. युरोप खंडाच्या जोडलेल्या ग्रिडमध्ये तत्काळ राखीव क्षमता ठरवताना जो सर्वांत मोठा अचानक धक्का गृहीत धरतात, तो एवढाच आहे, ३००० मेगावॉट. म्हणजे अख्ख्या खंडाने ज्या धक्क्याची तयारी ठेवायची, तो एका मध्यम आकाराच्या वितरण कंपनीच्या स्क्रीनवर एका टिकमार्कएवढा आहे. आणि लोक समजतात त्याच्या उलट, भार गेला की ग्रिडला आराम पडत नाही. निर्मिती तेवढीच राहते, भार घटतो, आणि जी ५० हर्ट्झच्या आसपास ठेवायची असते ती फ्रिक्वेन्सी चढते. जर्मनीत सुरुवातीचे सोलर इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झला एकजात बंद पडतील असे लावलेले होते. सोलर थोडं होतं तोवर कुणाचं काही अडलं नाही. वाढल्यावर लक्षात आलं की फ्रिक्वेन्सी जरा वर गेली की हजारो मेगावॉट एकाच क्षणी गायब होणार. २०१२ पासून ती सेटिंग बदलत बसावं लागलं. भार गेल्याने फ्रिक्वेन्सी चढते, चढल्याने निर्मिती पडते, आणि मग खरोखरचा अंधार होतो.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवत असेल. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. देशाचा भार सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आला. अंदाज याच्या निम्म्याहूनही कमी होता. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली, कारण जलविद्युत केंद्रं आधीपासून चढवून ठेवली होती आणि त्या मिनिटांत ती झपाट्याने उतरवली, मग पुन्हा चढवली. काका त्या रात्री ड्यूटीवर होते. त्यांचं म्हणणं एवढंच की तेव्हा दोन दिवस आधी सांगितलं होतं, आणि लोकांनी बटणं आपापल्या बोटांनी, जरा पुढे-मागे दाबली होती. हेड-एंडचं बटण एकच असतं.

म्हणून मी या प्रणालीला ‘किती लवकर कापते’ यावर मार्क देत नाही. कापायला सगळ्यांनाच येतं. नाही म्हणायला येतं का, कुठे येतं, आणि कुणाला ओलांडून येतं, यावर माझे मार्क ठरतात.

जे आवडलं

काही गोष्टी खरोखर नीट केल्या आहेत. मीटर डीएलएमएस-कोसेम ही मीटरांची प्रमाणित भाषा बोलतात, आणि त्या भाषेत रिलेला तीन अवस्था आहेत: जोडलेला, तोडलेला, आणि ‘जोडायला तयार’. तिसरी माझी आवडती. सर्व्हरने परवानगी दिली तरी रिले मिटत नाही. घरातल्या माणसाने मीटरवरचं हिरवं बटण दाबलं की मगच मिटतो. हे मुळात सुरक्षेसाठी आहे, कारण लाइट गेली तेव्हा शेगडी चालू राहिली असेल तर दुरून वीज सोडणं धोक्याचं. पण ग्रिडलाही याचा आयताच फायदा होतो. एक जण लगेच दाबतो, एक जण जेवण उरकून, एक जण रात्री घरी आल्यावर. माणसांची बोटं हा फार उत्तम रँडम जनरेटर आहे. विक्रेत्याने डेमोत ही सोय ‘जुन्या पद्धतीची’ म्हणून बंद करून दाखवली होती. आम्ही ती पहिल्याच आठवड्यात चालू केली.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे कंट्रोल मोड शून्य. घरी श्वासाचं यंत्र असलेले ग्राहक, दवाखाने, पाणीपुरवठ्याचे पंप यांच्या मीटरना हा मोड लावता येतो. मग रिले कायम जोडलेलाच. हुकूम खरा असो, सही बरोबर असो, मीटर ऐकतच नाही. बऱ्याच ठिकाणी अशा ग्राहकांची ‘अपवाद यादी’ सर्व्हरमध्ये ठेवतात. ती एखाद्या अपडेटमध्ये पुसली गेली की संपलं. इथे अपवाद मीटरच्या अंगात आहे. तो मोड बदलायला वेगळी किल्ली लागते आणि ती माझ्याकडे नाही. माझ्याकडे नाही, हे मला आवडतं.

तिसरी, लिमिटर. टंचाईच्या वेळी अख्खा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून एका भागाला वीज नेणारी लाइन, पाडण्याऐवजी घराला एक किलोवॉटची मर्यादा घालता येते. दिवे, पंखे, फ्रिज चालतात, गीझर लावला की मीटर तोडतो आणि काही वेळाने पुन्हा जोडून बघतो. कल्पना छान आहे. फक्त तो ‘काही वेळ’ सगळ्या मीटरमध्ये सारखा ठेवला होता, त्यामुळे चाचणीत एका गल्लीतले मीटर एका तालात तोडत-जोडत होते. ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं तर गुणगुण वर-खाली होताना ऐकू येत होती. हा वेळ आता मीटरगणिक वेगळा केलाय.

एकोणीस मिनिटं आणि सात सेकंद

आता मुख्य तक्रार. ही सविस्तर लिहिते, कारण ही चूक कुठल्याही डेमोत दिसणार नाही.

रात्री दहाला आमच्याकडे स्वस्त दर लागतो आणि मीटरमधला दुसरा रिले गीझर चालू करतो. साठ हजार गीझर, प्रत्येकी दोन किलोवॉट, म्हणजे १२० मेगावॉट. सगळे ठोक्याला दहा वाजता लागले तर ती भिंत असते. तोच भार अर्ध्या तासात पसरला तर सेकंदाला साधारण ६७ किलोवॉट. तेवढा चढ कुणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक मीटरने स्वतःपुरता एक रँडम उशीर काढायचा. ब्रिटनच्या दुसऱ्या पिढीच्या मीटरच्या नियमांत हे लिहूनच ठेवलंय: शून्य ते १७९९ सेकंदांपर्यंतचा उशीर. तिथे गाड्यांच्या घरगुती चार्जरनाही २०२२ पासून अशीच अट आहे. मुळात दहा मिनिटांपर्यंतचा, आणि गरज पडली तर अर्ध्या तासापर्यंत वाढवता येणारा. यामागे हल्लेखोर वगैरे कुणी नाही. नुसतं घड्याळ पुरेसं असतं.

आमच्या विक्रेत्याने आधी उशीर सर्व्हरमध्ये ठेवला होता, हुकमांच्या रांगेत. मी म्हटलं, सर्व्हर कुणी ताब्यात घेतला तर उशीरही त्याच्याच ताब्यात जाणार. तो मीटरमध्ये हवा, आणि सर्व्हरवरून शून्य करता येता कामा नये. दोन महिने पत्रव्यवहार झाला. मग फर्मवेअर, म्हणजे मीटरच्या आतलं नवं सॉफ्टवेअर, आलं. पहिले आठ-नऊ महिने दहा ते साडेदहाचा आलेख इतका गुळगुळीत चढणीसारखा दिसायचा की मी त्याची प्रिंट काढून भिंतीवर लावली होती.

मग एका उपकेंद्रात देखभालीचं काम निघालं. दुपारी चार तास त्या भागाची लाइट बंद होती, संध्याकाळी पाचला आली. रात्री दहाला सगळं शांत. दहा पाच, दहा दहा, दहा पंधरा, आलेख सपाट. मला वाटलं, त्या भागाचा डेटा यायला उशीर होतोय. १० वाजून १९ मिनिटं ७ सेकंदांनी त्या उपकेंद्राच्या तीन फीडरचा भार एकदम उठला. एकावर साडेतेराशे गीझर होते. तो ओव्हरकरंटवर ट्रिप झाला, म्हणजे प्रवाह फार वाढल्याने आपोआप बंद पडला.

आम्ही तपासलं, दोष सापडला नाही, १०:३१ ला ब्रेकर घेतला, म्हणजे फीडर पुन्हा चालू केला. भार येतोय, चढतोय, ठीक आहे. मी चहा आणायला उठले. १०:५० ला तोच फीडर पुन्हा गेला. शिफ्टवरच्या मुलाने दोन्ही वेळा एका कागदावर खाली-वर लिहिल्या, वजाबाकी केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला: १९ मिनिटं ७ सेकंद. ब्रेकर घेतल्यापासून बरोबर तेवढीच.

सकाळपर्यंत लॉग उपसले. तीन हजार आठशे बारा मीटर, सगळ्यांचा उशीर ११४७ सेकंद. विक्रेत्याच्या मदत केंद्राचं पहिलं उत्तर आलं की हा ‘दुर्मिळ योगायोग’ असू शकतो. मी परत लिहिलं की १८०० पैकी एकच आकडा तीन हजार आठशे बारा जणांनी काढायचा योगायोग लिहायला तुमच्या ईमेलमध्ये शून्यं मावणार नाहीत.

झालं होतं असं. रँडम आकडे काढणारं गणित दर वेळी मीटर सुरू होताना एकाच ठरलेल्या बीजापासून, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यापासून, सुरू व्हायचं. म्हणजे प्रत्येक मीटरकडे आकड्यांची तीच एक माळ, आणि रोज रात्री तो त्यातला पुढचा मणी ओढणार. मीटर बसवले गेले वेगवेगळ्या दिवशी, म्हणून प्रत्येक जण माळेत वेगळ्या जागी होता आणि सगळं रँडम दिसत होतं. भागाची लाइट गेली, सगळे मीटर एकाच वेळी पुन्हा सुरू झाले, आणि सगळ्यांच्या हातात पहिला मणी आला: ११४७. फीडर ट्रिप झाला, पुन्हा घेतला, पुन्हा सगळ्यांचा पहिला मणी. त्या रात्री आम्ही गीझरचे रिले हाताने बंद ठेवले नसते, तर फीडर पहाटेपर्यंत दर वेळी घेतल्यानंतर त्याच ठोक्याला पडत राहिला असता.

इथली गोम बघा. उशीर ज्या वेळेसाठी ठेवलाय, म्हणजे मोठ्या वीजखंडानंतर लाइट परत येतानाची वेळ, नेमका तेव्हाच तो नाहीसा होत होता. तसंही लांबलेल्या खंडानंतर भार नेहमीपेक्षा बराच जास्त उठतो, कारण एरवी आळीपाळीने चालणारे फ्रिज आणि गीझर सगळे एकदम थंड किंवा गरम व्हायला निघालेले असतात. त्यावर हे.

दुरुस्ती यायला तीन महिने लागले. पहिल्या पॅचमध्ये त्यांनी बीज म्हणून फक्त मीटरचा अनुक्रमांक घेतला. त्यामुळे एक ग्राहक कायम दोन मिनिटांत गरम पाणी मिळवणारा आणि त्याचा शेजारी कायम एकोणतीस मिनिटं थांबणारा. शेजाऱ्याने तक्रार केली, बरोबरच केली. आता अनुक्रमांक आणि मीटरमधल्या मोजमाप चिपचा गोंगाट, म्हणजे तिच्या वाचनातले बारीक अनियमित चढ-उतार, असं मिश्रण आहे. तुम्ही अशी प्रणाली घेत असाल तर स्वीकृती चाचणीत एवढं कराच: शंभर मीटर एकाच स्विचवर लावा, स्विच बंद करून चालू करा, आणि प्रत्येकाने काढलेला उशीर वाचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मीटर मोजायचे की मेगावॉट

प्रणालीत मर्यादा आहे: ‘तासाला जास्तीत जास्त इतके मीटर’. माहितीपत्रकात तिला ग्रिड-संरक्षण म्हटलंय. पण मीटर सगळे सारखे नसतात. एका बंद घराचा भार दोनशे वॉट, शेजारच्या वर्कशॉपचा पंधरा किलोवॉट. पाचशे मीटर म्हणजे शंभर किलोवॉटही असू शकतात आणि साडेसात मेगावॉटही.

भर दुपारी तर हिशोब उलटाच होतो. छतावर सोलर असलेलं घर त्या वेळी वीज बाहेर पाठवत असतं. त्याचा रिले उघडला की ग्रिडवरचा भार नव्हे, निर्मिती कमी होते. सकाळी अकराला कापलेली यादी आणि रात्री आठला कापलेली तीच यादी फ्रिक्वेन्सीला विरुद्ध दिशांना ढकलू शकते. प्रणालीला हे कळत नाही. मंजूर भाराचा रकाना आहे, तो ती दाखवते. तो आकडा कनेक्शन घेताना कागदावर लिहिलेला असतो. शेवटी आमच्याच दोन पोरांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. यादी आली की प्रत्येक मीटरचं शेवटच्या अर्ध्या तासाचं खरं वाचन चिन्हासकट बेरजेत घ्यायचं, फीडरवार आणि एकूण. बेरीज अमुक मेगावॉटच्या वर गेली की रांग थांबते. बेरीज मिनिटाची वेगळी, तासाची वेगळी, दिवसाची वेगळी, आणि तोडणं-जोडणं स्वतंत्र. नाहीतर कुणी नऊशे नव्याण्णव-नऊशे नव्याण्णवचे गठ्ठे करून पाठवतं. मुद्दाम करतं असं नाही. मर्यादेला वैतागलेला आपलाच माणूस करतो.

एवढी मूलभूत गोष्ट ग्राहकाला स्वतः लिहायला लागावी, याचा एक मार्क मी कापलाय.

सही कुणाची

पहिल्या वर्षी हुकमांवर सही करायच्या किल्ल्या हेड-एंडच्याच सर्व्हरवर होत्या. म्हणजे तिजोरी, चावी आणि पहारेकरी एकाच खोलीत, आणि खोलीला एकच पासवर्ड. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये तीन वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप फिरत होता आणि ब्रेकर उघडत होता. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. हुकूम कंपन्यांच्या ‘अधिकृत’ प्रणालींमधूनच गेले होते. तिथे माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांत गेली आणि काही तासांत ब्रेकर हाताने घेतले. आमचे अभियंते हे ऐकून म्हणतात, आपणही करू. करू, पण उपकेंद्रं मोजकी असतात. घराघरातला रिले हाताने मिटवायला किती गाड्या आणि किती महिने लागतील, तो हिशोब मी एकदा करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

ब्रिटनची रचना या बाबतीत मला पटते. वीज पुरवठादार महत्त्वाच्या हुकमावर स्वतःची डिजिटल सही करतो. मधली संदेशवहन कंपनी त्यावर आपली वेगळी मोहोर लावते. मीटर दोन्ही तपासतो. एकट्या कुणालाही मीटर बंद करता येत नाही. शिवाय मधल्या कंपनीकडे हुकमांच्या संख्येच्या मर्यादा असतात आणि त्या ओलांडणारे संदेश बाजूला काढून अडवून ठेवले जातात.

आम्ही त्याची गरिबाघरची आवृत्ती केली. किल्ल्या एका वेगळ्या सही-पेटीत हलवल्या, पेटी लोड डिस्पॅचच्या खोलीत, आणि मेगावॉटची मोजणी त्या पेटीलाच चिकटवली. आमच्या स्क्रीनवरून काहीही जावो, पेटीने सही नाकारली तर मीटरच्या लेखी तो हुकूम नाहीच. मर्यादा वाढवायची तर डिस्पॅचला फोन करायचा, तिथला शिफ्ट इंजिनियर फ्रिक्वेन्सी बघून हो किंवा नाही म्हणणार. विक्रेत्याने यात खोडा घातला नाही, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. जोडणी व्यवस्थित दिली, कागदपत्रंही बरी होती.

या पेटीने एकदा आम्हाला वाचवलं. प्रीपेड खात्यांमध्ये पैसे भरल्याची फाइल एका सकाळी आलीच नाही. प्रणालीच्या मते अकरा हजार लोकांची शिल्लक संपली होती, आणि तिने निमूटपणे तोडायची यादी तयार केली. तिसऱ्या मिनिटाला पेटीने सही देणं थांबवलं. डिस्पॅचमधून फोन आला, "तुमच्याकडे आज काय चाललंय?" आम्हाला त्या फोननेच कळलं. एकशे चाळीस घरांची लाइट गेली होती, त्यांची माफी मागितली. प्रणालीच्या स्वतःच्या डॅशबोर्डवर त्या वेळी हिरवी टिक होती: ‘मोहीम सुरळीत’. मोहीम म्हणजे प्रणालीच्या भाषेत एकदम पाठवलेल्या हुकमांचा गठ्ठा.

बाकी थोडकं

मदत केंद्र सौजन्याने बोलतं, पण पहिल्या पायरीवरचा माणूस ग्रिडबद्दल काही जाणत नाही. लॉग चांगले आहेत. कुणी, कधी, कोणत्या कारणाने हुकूम दिला, सगळं सापडतं. कारणाच्या रकान्यात मात्र नुसतं टिंब टाकलं तरी चालतं. अर्ध्या नोंदी टिंबाच्याच आहेत. दोन माणसांच्या मंजुरीची सोय आहे, पण पहिल्या माणसाच्याच संगणकावर दुसरा लॉग-इन करू शकतो. व्हायचं तेच होतं.

‘ग्रिड आणीबाणीत क्षणात भार कमी करा’ असं माहितीपत्रक सांगतं, ते विसरा. फ्रिक्वेन्सी खरोखर कोसळते तेव्हा उपकेंद्रातले अंडर-फ्रिक्वेन्सी रिले सेकंदाच्या आत फीडर पाडतात. आमच्या रेडिओ जाळ्यातून शेवटच्या मीटरपर्यंत हुकूम पोचायला मिनिटं लागतात. आणि पोचतो तोवर परिस्थिती उलटलेली असते. ज्याला उद्या संध्याकाळच्या टंचाईचं आज दुपारी नियोजन करायचंय, त्याच्यासाठी हे हत्यार आहे.

मार्क: पाचपैकी तीन. फर्मवेअरची ती दुरुस्ती मिळाली नसती तर दीड दिला असता. सही-पेटी आणि मेगावॉटची मोजणी स्वतः करायची तयारी असेल तर घ्या. खोक्यातून काढून लगेच वापरायला घेणार असाल तर घेऊ नका.

आणि हो, थांबवायचं बटण आलं. गेल्या आवृत्तीत. करड्या रंगाचं, तिसऱ्या मेन्यूच्या आत, ‘मोहीम स्थगित करा’ या नावाने. सर्व्हरमधली रांग ते थांबवतं. पण जे हुकूम आधीच रेडिओ जाळ्यात शिरलेत, ते मीटरपासून मीटरकडे उड्या मारत पुढे जातच राहतात, कारण हुकमावर ‘अमुक वेळेनंतर रद्द’ असा शिक्का मारायची सोय त्यांनी अजून दिलेली नाही. परवा मी तीच डेमोची फळी स्टोअरमधून काढून आणली, वीस मीटर जाळ्याच्या अगदी टोकाला लावले, ‘सगळे निवडा’ केलं आणि दोन सेकंदांनी ‘स्थगित’ दाबलं. काका आता निवृत्त आहेत, पण मुद्दाम आले होते. या वेळी स्टॉपवॉच त्यांच्या हातात होतं. शेवटचा रिले टक्‌ झाला तेव्हा त्यांनी ते थांबवून मला दाखवलं: चार मिनिटं चाळीस सेकंद. विक्रेत्याकडे तक्रारीचं तिकीट टाकलंय, अजून उघडं आहे.